एका वायरीवर दोन मास्तर

नव्याण्णव सालच्या दिवाळीत अमरनाथने नवा कॉम्प्युटर घेतला, तेव्हापासून बीडच्या बस स्टँडसमोरच्या त्याच्या टायपिंग सेंटरात गिऱ्हाइकांपेक्षा बघेच जास्त यायचे. तोही घोडी विकत घेतल्यासारखा प्रत्येकाला त्याचा वेग सांगायचा. आज मात्र घाम पुसत होता. विजेच्या झटक्यात जुना कॉम्प्युटर गेला, त्यातली हार्ड डिस्क तेवढी वाचली. ती त्याने नव्याच्या पोटात, त्याच्याच डिस्कच्या वायरीवर बसवली, आणि नवा आता कुठलीच डिस्क ओळखेना. जुनी तर नाहीच, स्वतःचीही नाही.

जुन्या डिस्कवर त्याच्या वडिलांचं, ईश्वरप्पा मास्तरांचं, धर्मापुरीच्या देवळावरचं पुस्तक होतं. दोन वर्षं ते सांगत गेले आणि सून जगदेवी टाइप करत गेली. कागदावर एक पान नव्हतं. "कागद कशाला? डिस्कात हाय की," असं अमरनाथच म्हणाला होता. आता मास्तरांना अक्षर दिसत नव्हतं, आणि सांगितलेलं निम्मं आठवतही नव्हतं. डोक्यावरची पांढरी टोपी सारखी करत ते बाकावर बसले होते. झोप सोडली तर ती टोपी ते काढत नसत, कलेक्टर आले तरी नाही.

"वायर हालवून बघितली का?" जगदेवीने विचारलं.

"चारदा."

"देवाचं नाव घेतलं का?"

"ते पाचदा."

तिने आत बॅटरी मारली. "अवो, दोन्ही डिस्कांला मागं ही बारकी टोपी कावून हाय?"

अमरनाथ चाचरला. "टोपी आसली की मास्टर. काढली की स्लेव्ह. म्हंजी गुलाम."

"मग एकीची काढायची आसंल."

"माहितीपत्रकात तसंच लिवलंय. पण जुनीनं सहा वर्षं घर चालवलं, आप्पांचं पुस्तक सांभाळलं. तिला गुलाम कसं करू?"

जगदेवीने तोंडाला पदर लावला. मास्तर मात्र गंभीर झाले. "म्हंजी एका वायरीवर दोन मास्तर?"

"व्हय, आप्पा."

"आमच्या शाळेत बदलीच्या घोळात एकदा दोन हेडमास्तर आलते, मी आन् दुसरा एक. दोघं बी खुर्ची सोडंना. महिनाभर हजेरीच झाली न्हाई. पोरं लई खूश."

"मग?"

"मग मी खाली बसलो. शाळा सुरू झाली." ते हसले. "गुलाम न्हाई, येड्या, दुय्यम म्हण. काढ तिची टोपी."

अमरनाथने चिमट्याने टोपी काढली आणि बटण दाबलं. जुनी डिस्क खरखरली. पडद्यावर दोन्ही डिस्कांची नावं एकाखाली एक उमटली. जगदेवीने फाइल उघडून पहिलं पान मोठ्याने वाचलं, तेव्हा कुठे अमरनाथचं घाम पुसणं थांबलं. सकाळपासून त्याला भीती वाटत होती ती आप्पांना काय सांगायचं याचीच.

"लेखक म्हणून काय लिवलंय?" मास्तरांनी विचारलं.

"तुमचं एकट्याचं नाव हाय, मामा."

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. "वर तुझं घाल, जगदेवी. मी खाली बसतो."

जगदेवीची बोटं कळफलकावर तशीच थांबली. तिला पुढचं दिसेना.

"आन् माझं नाव, आप्पा?" अमरनाथने विचारलं.

"तू आदी कागदावर छापून काढ," मास्तर म्हणाले.