चेहऱ्याईचं कपाट

आमच्या तेल्हाऱ्याच्या घरी पाहुणा आला की चपला काढायच्या आधीच दचकते. दारातच ते कपाट उभं आहे. आत माह्या सासूचा चेहरा आहे, लेक चंदाचा आहे, एक माहाई आहे. पांढरेफटक, डोळे मिटलेले. किती येळा म्हटलं, अवो, मागच्या खोलीत तरी ठेवा. पण नाई. रोममंधी दाराजवळच ठेवत म्हणे.

आमचे हे शाळेत चित्रकला शिकवत. बावीस वर्षं पोट्ट्याईले केळं अन् सफरचंद काढाले लावलं, अन् एक दिवस शाळेची रद्दी काढता काढता याईले एक जाडं पुस्तक सापडलं. रोमचं. झालं मंग. तूर असो, कपाशी असो, लेकीचं बाळंतपण असो, गोष्ट रोमलेच जाऊन टेके. तिथल्या मोठ्या घराईत मेलेल्याचे मेणाचे चेहरे कपाटात ठेवत, अन् घरात कोणी गेलं की माणसं ते चेहरे लावून तिरडीपुढं चालत. म्हंजे सारे पूर्वजच त्याले न्याले येत. हे मले त्याईनं शंभर येळा सांगितलं असन. गाव त्याईले रोमसर म्हणे. रागाच्या भरात मीई म्हटलं आहे.

पण त्या येडाच्या बुडाशी काय होतं, ते मले माहीत होतं. हे चार वर्षाचे असताना याईचा बाप गेला. फोटो एकई नाई. देवघरात बापाच्या नावाचा चांदीचा टाक आहे, पण टाकाले का चेहरा असते? सोनार एकाच साच्यावर ठोकते. आजा, पणजा, बाप, सारे सारखेच. सणाले टाक धुताना हे एकेक टाक उजेडात धरत अन् मले इचारत, याच्यातला माहा बाप कोणता व? मले तवा हसू ये. आता येत नाई.

मेण महाग, म्हणून रहमतुल्लाभाईच्या हार्डवेअरच्या दुकानातून प्लास्टरची पिशवी आली. सासू हौसेनं तयार झाली. चंदा मूर्तिजापूरहून माहेरी आली तवा तिचा चेहरा घेतला. मी भांडू भांडू थकली अन् शेवटी प्लास्टरखाली आडवी झाली. राहिला आमचा अंकुर. तो काई सापडे ना. बापाच्याच पुस्तकातलं बापाले ऐकवे, का बाबा, रोममंधी ज्याले पद भेटलं त्याचाच चेहरा ठेवत, मले तलाठी होऊ द्या, मंग घ्या. तीन येळा फॉर्म भरला त्यानं. एकदा दोन मार्कानं राहिला, एकदा निकालच अडकला, एकदा भरतीच रद्द झाली. हे आपले वाट पाहून राहिले. मले याचीच चीड ये. पोराले नोकरी नाई, कापसाले भाव नाई, अन् बाप घरात प्लास्टर चाळून राहिला.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती, अन् बोंडात अळी. अंकुर म्हणे, मजूर कशाले लावता, मीच मारतो फवारणी. नळी वर धरून माराव लागे, सारं औषध तोंडावर पडे. तोंडाले दस्ती बांधली होती म्हणे. दस्तीनं का होते, बाप्पा? दुपारी घरी आला तो भिंत धरून. उलट्या, डोळ्यापुढं अंधार. अकोल्याले नेलं. तीन दिवस माह्या पोरानं एकेका श्वासासाठी तडफड केली, अन् चौथ्या दिवशी सकाळी गेला. चोवीस वर्षाचा होता.

दुपारी त्याले घरी आणलं, ओसरीत ठेवलं. आमचे चुलतसासरे पुंजाराम काका घाई करून राहिले होते, दिवस बुडायच्या आत उचला म्हणून. तेवढ्यात हे उठले, आत गेले, अन् प्लास्टरचं घमेलं घेऊन बाहेर आले.

माहं डोकंच फिरलं. गाव जमलेलं, चंदा बेशुद्ध पडलेली, अन् या माणसाले रोम सुचते. म्या घमेलं घट्ट धरलं.

"माहं लेकरू श्वास कोंडून मेलं," म्या म्हटलं. "आता त्याचं नाकतोंड मी कोणाले झाकू देत नाई. तुमालेई नाई."

ते भांडले नाई. घमेलं तसंच धरून खाली बसले. म्या म्हटलं, मोबाईलमंधी एवढे फोटो आहेत ना त्याचे, ते का कमी आहेत?

"फोटोले हात लावता येत नाई, लीला," ते म्हणाले. "बापाचा चेहरा इसरलो मी. याचाई इसरून जाईन."

एवढं बोलून ते माह्याकडे पाहात राहिले. चाळीस वर्षात या माणसानं माह्यापाशी काई मागितलं नव्हतं. म्या हात सोडला.

त्याईनं अंकुरच्या कपाळाले खोबऱ्याचं तेल लावलं. भुवयाले, गालाले, हनवटीले. तान्हा होता तवा मी त्याले असंच चोळत होती, अन् तो वरडून घर डोक्यावर घे. आता काईच नाई. मी उठली नाई.

मंग त्याईनं अंकुरच्या नाकातला कापूस काढला. वहीचं एक पान फाडलं, त्याच्या दोन बारीक नळ्या वळल्या, अन् टोचू नये म्हणून हळूच फिरवत एकेक नाकपुडीत बसवल्या. जित्या माणसाले प्लास्टरखाली श्वास घ्याले तशा नळ्या लागतात. सासूले लावल्या होत्या, मले लावल्या होत्या. हात आपले सवयीनं चालून राहिले होते.

साऱ्याईनं पाहिलं. पुंजाराम काका काई बोलाले तोंड उघडून राहिले होते, म्या हात वर केला, ते थांबले. कोणी सांगावं आमच्या याईले? मी उशाशी सरकली अन् दोन्ही नळ्या चिमटीत धरल्या, हलू नये म्हणून.

त्याईनं प्लास्टर लावलं. कपाळ गेलं, डोळे गेले, ओठ गेले. मंग हात धुतले, अन् दर येळी पाहात तसं तळहात नळ्याईवर धरला, श्वास बरोबर चालू आहे का पाहाले. धरूनच राहिले. हात आणखी खाली नेला. मंग माह्याकडे पाहिलं.

"लीला, नळी बुजली का व?"

म्या खाली वाकून पाहिलं. खरंच पाहिलं.

"नाई," म्या म्हटलं. "दोन्ही मोकळ्या आहेत."

तवा कुठं ते रडले.