मुथुभाईंची दुपार

फोन वाजला तेव्हा मुथुभाई बनियन-लुंगीवर आडवे झाले होते. डोळ्यांवर ओला पंचा होता आणि पोटात आमरस-पुरी.

“अण्णा, कुठे आहात?” कोइमतूरच्या सुगुणाचा आवाज आला.

“मार्केटमध्ये, अम्मा.” हे उत्तर ते झोपेतसुद्धा देऊ शकत होते.

“गाड्यांचा आवाज कसा नाही येत?”

“राजकोटचं मार्केट शांत असतं.”

“बरं. मी कोइमतूरला नाहीये. सकाळच्या विमानाने आले. तुमच्या लॉजखाली उभी आहे, तुम्ही इकडेच या. मग मिळून फिरू.”

मुथुभाई उठून बसले. पंचा पडला तो उचलायचंही त्यांना सुचलं नाही.

त्यांचं खरं नाव नाचिमुथु. पंपाच्या मोटरीत गुंडाळतात ती तांब्याची तार विकायला ते दर महिन्याला कोइमतूरहून राजकोटला येत आणि चार दिवस धनसुखभाईंच्या लॉजवर उतरत. पहिल्या एक-दोन फेऱ्यांतच राजकोटने त्यांचं नाव छाटून आपल्या मापाचं केलं होतं. सुगुणा ही मालकांची सून. सासऱ्यांचे गुडघे गेल्यापासून कारखाना ती बघत होती आणि एकेका गोष्टीला ‘हे कशाला लागतं?’ असं विचारत सुटली होती. आज मुथुभाईंच्या चार दिवसांची पाळी आली होती.

आता चार दिवसांचं खरं असं, की सकाळी लोक भेटत आणि संध्याकाळी भेटत. दुपारी जेवण झालं की राजकोट झोपतं. शटरं खाली येतात, रिक्षावाला रिक्षातच पाय बाहेर काढून पडतो, आणि चहाच्या वेळेला गाव पुन्हा उघडतं. त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. मुथुभाईही झोपत. फक्त ही गोष्ट त्यांनी हापिसात कधी सांगितली नव्हती. उलट राजकोट म्हणजे काळं पाणी, अशी बोंब ते वर्षानुवर्षं मारत आले होते. ऊन भट्टीसारखं, डाळीत गूळ, गादीत ढेकूण. हेतू एकच, की ही फेरी दुसऱ्या कोणी मागू नये. वास्तविक धनसुखभाईंच्या गादीत ढेकूण सापडला असता तर त्यांच्या बायकोने, मुक्ताबेननी, लॉज धुऊन काढलं असतं. आणि गुळाची डाळ मुथुभाई दोनदा मागून घेत.

यामागे आळस होता असं नाही. सरोजिनी, त्यांची बायको, गेली त्यानंतर कोइमतूरच्या घरात त्यांना झोप येईनाशी झाली होती. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. मग तिच्यामागच्या पहिल्या फेरीवर ते आले, तेव्हा मुक्ताबेननी समोर बसून त्यांना जेवू घातलं आणि “जरा पडा” म्हणाल्या. पडल्या पडल्या त्यांना ऐकू आलं, की बाहेर एकेक आवाज बंद होतोय. सगळं गावच्या गाव झोपत होतं, आणि त्या गावात आपण एकटे जागे राहणार नाही असं त्यांना वाटलं. चहाला उठवलं तेव्हाच त्यांना जाग आली. तेव्हापासून महिन्यातल्या या चार दुपारींवर ते बाकीचा महिना काढत.

मुथुभाईंनी शर्ट-पँट चढवली, बूट घातले आणि मागच्या जिन्याने निघाले. खाली बोळात धनसुखभाई खाटेवर झोपले होते. बुटांच्या आवाजाने त्यांनी एक डोळा उघडला आणि लगेच दुसराही.

“मुथुभाई, बूट का घातलेत?”

“जरा बाहेर जाऊन येतो.”

“आत्ता?” धनसुखभाई उठून बसले. “कोण गेलं?”

“कोणी नाही हो. काम आहे.”

धनसुखभाईंच्या आख्ख्या हयातीत या वेळेला कोणाला काम निघालं नव्हतं. दुपारी माणूस बूट घालून बाहेर पडतो तो स्मशानात नाहीतर दवाखान्यात. त्यांनी दारातून वाकून पाहिलं. समोर लिंबाखाली एक अनोळखी मद्राशी बाई उभी होती. काळा चष्मा, आणि नाकाला रुमाल. सुगुणा बिचारी घाम पुसत होती, पण धनसुखभाईंना जे समजायचं ते समजलं. त्यांनी खाटेखालून फोन ओढला.

मुथुभाई वळसा घालून रस्त्याच्या बाजूने आले, म्हणजे मार्केटमधून आल्यासारखं दिसावं.

“तुमच्या गालावर उशीची नक्षी उठलीय,” सुगुणा म्हणाली.

“जाळीच्या दाराला टेकून बोलत होतो, अम्मा. कस्टमर सोडतच नव्हता.”

“चला मग. कोणाकडे जायचं?”

सुगुणाला हॉटेलातून घेऊन आलेला टॅक्सीवाला सीट मागे पाडून केव्हाच घोरायला लागला होता. तिने काचेवर टकटक केलं, तर त्याने मान आतल्या बाजूला वळवली. नाक्यावर एकच रिक्षा होती. तिच्यातून दोन तळपाय बाहेर आले होते. मुथुभाईंनी तळपायांना विचारलं, “ढेबर रोड येणार का?”

“चार वाजता,” आतून उत्तर आलं.

दोघं चालत निघाले. उन्हाने रस्ता पांढरा पडला होता. दोन्ही बाजूंची दुकानं बंद, पानाची गादी बंद, कुत्रीसुद्धा हातगाडीखाली आडवी. सुगुणा एकेक शटर बघत चालली होती आणि मुथुभाई रस्त्याकडे बघत.

“आज सुट्टी आहे का इथे?”

“नाही नाही. आत काम चालू असतं. ऊन आत येऊ नये म्हणून शटर खाली ओढतात.”

मोटर-वायंडिंगवाले मनहरभाई मुथुभाईंचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या दुकानाचं शटर वीतभर उघडं होतं. आतून खर्जातला आवाज येत होता, मध्येच अडकत होता, पुन्हा सुरू होत होता. सुगुणा थांबली.

“हा कसला आवाज?”

“मोटर टेस्टिंगला लावलीय, अम्मा. बेअरिंग गेलंय.”

तिने कान देऊन ऐकलं. “पूर्णच गेलंय. वायंडिंग आपल्या तारेचं आहे का?”

“आपल्याच.”

“मग मालकांना भेटू या ना.”

“टेस्टिंग चालू असताना मनहरभाई कोणाशी बोलत नाहीत.”

त्यावर मोटर बंद पडली. मुथुभाई घाईघाईने पुढे निघाले. आत मनहरभाई सतरंजीवर ताडकन उठून बसले होते. मुथुभाईंचा आवाज त्यांनी बरोबर ओळखला होता. या वेळेला, भर उन्हात, पायी? त्यांनी धनसुखभाईंना फोन लावला, तर तो लागेना. धनसुखभाई तेव्हा पंपवाल्या वाघजीभाईंना उठवत होते.

मुथुभाईंनी सुगुणाला आणखी तीन गल्ल्या फिरवल्या. एका ठिकाणी मालक गावाला गेले होते, दुसऱ्या ठिकाणी माल मोजत होते, तिसऱ्या ठिकाणी त्यांना कारणच सुचलं नाही. तिथे ते नुसते उभे राहिले आणि सुगुणाही उभी राहिली. शेवटी ती म्हणाली, “अण्णा, मी ओरडत नाहीये. पण रोज दुपारी तुम्ही नेमकं काय करता, ते लॉजवर बसून मला सांगा.”

परतीच्या वाटेवर मुथुभाईंनी मनातल्या मनात सगळं कबूल करून टाकलं. डाळ, गादी, झोप. सरोजिनीबद्दल कसं सांगायचं, तेवढंच त्यांना कळत नव्हतं.

लॉज दिसलं आणि त्यांचे पाय थबकले. लिंबाखाली दहा-बारा स्कूटरी लागल्या होत्या. ओट्यावर सतरंज्या घातल्या होत्या आणि त्यांवर राजकोटमधले त्यांचे झाडून सगळे गिऱ्हाईक पांढरे कपडे घालून, मांडी घालून, माना खाली करून बसले होते. मनहरभाईंच्या गालावर अजून सतरंजीचे वळ होते. वाघजीभाईंनी तर पांढरी टोपीही चढवली होती. घरी दुःख झालं की लोक बेसणाला येऊन बसतात, तसे ते बसले होते.

“हे कोण?” सुगुणाने विचारलं.

“आपले कस्टमर, अम्मा.”

“सगळे? आत्ता? तुम्हाला भेटायला?”

वाघजीभाई उठले. त्यांनी मुथुभाईंचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांचे डोळे ओले होते, आणि ते झोपमोडीचे नव्हते. “मुथुभाई, काय झालं असेल ते असो. आम्ही आहोत,” ते म्हणाले.

मुथुभाईंनी हात सोडवून घेतले नाहीत. सरोजिनी गेली तेव्हा ही माणसं हजार कोसांवर होती. त्यांना तेव्हा येता आलं नव्हतं, ते आज आले होते.

“कोणाला काही झालेलं नाही, वाघजीभाई,” ते हळूच गुजरातीत म्हणाले. “या आमच्या मालकीणबाई. काम बघायला आल्यात.”

वाघजीभाईंनी हात सोडले. ओट्यावर माना वर झाल्या. एका क्षणात काळजी संपून राग सुरू झाला. रागाच्या भरात कोणी बोललंही असतं, पण पाहुणी दारात उन्हात उभी होती. मुक्ताबेन ताक घेऊन बाहेर आल्या.

“या बेन, बसा,” वाघजीभाई टोपी खिशात कोंबत हिंदीत म्हणाले. “आम्ही आपलं असंच जमलो होतो.”

सुगुणा बसली. ताक प्यायली. मग तिने पिशवीतून तारेचे नमुने काढले. झोप मोडलीच होती, तेव्हा व्यापारी माणसं रिकामी कशी बसणार? मनहरभाईंनी तार दातात धरून पाहिली, वाघजीभाईंनी भावावरून घासाघीस केली. चहाची वेळ होण्याआधी साऱ्या ऑर्डरी झाल्या. सुगुणाने पांढऱ्या कपड्यांचं कौतुक केलं. उन्हाळ्यात हेच बरं, असं ती म्हणाली, आणि सगळ्यांनी होकार भरला.

निघताना तिने मुथुभाईंना बाजूला घेतलं. ती तमिळमध्ये बोलली, त्यामुळे बाकीच्यांना कळलं नाही.

“अण्णा, मी तुमच्यावर संशय घेतला. चुकलं माझं. लोकांनी किती जीव लावलाय तुम्हाला.”

“तसं काही नाही, अम्मा.”

“पण चार दिवसांचं काम एका दुपारीत झालं, हेही खरं. इथले हाल तुम्ही कायम सांगता. ऊन, ती डाळ, ते ढेकूण. या वयात कशाला सोसायचं? पुढच्या महिन्यापासून विमानाने या. सकाळी यायचं, दुपारी सगळ्यांना इथेच बोलवायचं, रात्री आपल्या घरी, आपल्या गादीवर.” ती हसली. तिला खरंच आनंद झाला होता. “मी मामंजींना सांगितलंच होतं, की अण्णांना एकदा विमानात बसवायचं.”

मुथुभाईंनी तोंड उघडलं. गादीत ढेकूण नाहीत, एवढंच म्हणायचं होतं. पण तिचा तो आनंद बघून त्यांच्याने ते म्हणवेना. “बरं, अम्मा,” ते म्हणाले.

“या वेळचे उरलेले दोन दिवस मात्र काढा कसेतरी. रेल्वेचं तिकीट झालंय ना.”

तिने टॅक्सीवाल्याला गदागदा हलवून जागं केलं आणि ती विमानतळाकडे गेली. ओट्यावरचं कोणी उठलं नाही. मुथुभाईंनी येऊन सगळं सांगितलं.

“म्हणजे महिन्यातली आमचीसुद्धा एक दुपार गेली,” मनहरभाई म्हणाले.

“तुमची एक गेली. यांच्या चारही गेल्या,” धनसुखभाई म्हणाले. त्यांना मुथुभाईंचं सगळं ठाऊक होतं. “मीच फोन केले. माझीच जीभ झडो.”

“तुम्ही काळजीने केलेत,” मुथुभाई म्हणाले.

वाघजीभाईंनी खिशातली टोपी काढली, गुडघ्यावर ठेवून सारखी केली आणि पुन्हा डोक्यावर घातली. “मग कपडे बदलायचं कारण नाही. आलो ते बरोबरच आलो,” ते म्हणाले.

आधी मनहरभाई हसले, मग सगळे, आणि मुथुभाई तर इतके हसले की मुक्ताबेननी त्यांना पाणी आणून दिलं. पाणी पिऊन झाल्यावरही त्यांचे डोळे गळत होते.

दुसऱ्या दिवशी जेवणं झाली. मुक्ताबेननी आज डाळीत गूळ जरा जास्तच घातला होता. मुथुभाई वर जाऊन आडवे झाले, पंचा भिजवून डोळ्यांवर घेतला. बाहेर एकेक शटर खाली आलं. हातगाडी थांबली. कुठेतरी रेडिओ चालू होता, तोही बंद झाला. सगळं नेहमीसारखं झालं, फक्त झोप आली नाही. ते पुढच्या महिन्याचा हिशेब करत पडून राहिले. विमान, मग ओटा, मग पुन्हा विमान, आणि मग कोइमतूरच्या घरातली ती रात्र.

जिन्यात पावलं वाजली. एकाची नव्हती, पुष्कळांची होती, आणि चोरटी होती.

“झोपले का?” हा वाघजीभाईंचा आवाज. हळू बोलायची सवय नसल्यामुळे तो खालपर्यंत गेला असणार.

“हळू. बघतो,” धनसुखभाई म्हणाले.

“काल मोडली त्यांची. आज लागली पाहिजे,” मनहरभाई पुटपुटले. “नाही लागली तर मला घरी जाऊन झोप यायची नाही.”

मुथुभाईंनी पंच्याखाली डोळे गच्च मिटले. दाराचा पडदा सरकला. त्यांनी एक लांब श्वास घेतला, सोडला, दुसरा घेतला, आणि तिसऱ्याला मनहरभाईंच्या मोटरीसारखा खर्ज लावला. मध्ये थोडा अडकवलाही.

“लागली,” धनसुखभाई म्हणाले. त्यांचा सुटकेचा श्वास आतपर्यंत ऐकू आला.

पडदा परत सरकला. चपला हातात घेतल्याचं पायांच्या आवाजावरून कळत होतं. खाली लिंबाजवळ कोणी किक मारली नाही. सगळ्यांनी आपापल्या स्कूटरी ढकलत पार नाक्यापलीकडे नेल्या, आणि मग तिकडे एकेक सुरू झाल्याचे आवाज आले. शेवटची स्कूटर सुरू होऊन लांब जाईपर्यंत मुथुभाई घोरत राहिले.