घाटमाथ्यावर जरा थांबा

ताईने तीस वर्षं एका दातांच्या डॉक्टरकडे बाहेरच्या टेबलावर काढली. आतून किंकाळी आली तरी रांगेतल्यांना हसून सांगायचं, काही नाही हो, मुंगी चावल्यासारखं होतं, एवढाच काय तो तिचा धंदा. त्यामुळे तिच्या दोन भावांमधली बोलणी तिच्याकडे आली तेव्हा तिला वेगळं काही शिकावं लागलं नाही.

बोलणी कसली, निरोप. दादा आणि धाकटा अकरा वर्षं एकमेकांशी अवाक्षर बोलले नव्हते. वहिनीच्या छातीत कळ आली त्या संध्याकाळी धाकटा गाडी काढून दारात उभा होता, आणि दादा म्हणत होता की पित्त आहे, सकाळी बघू. सकाळ वहिनीने पाहिलीच नाही. चार माणसं भेटायला आली असताना धाकट्याने सगळ्यांदेखत सांगितलं, तू मारलंस तिला. त्यानंतर दोघांनी तोंडं फिरवली ती फिरवलीच. पण घरं शेजारी शेजारी, बापाची जुनी गाडी दोघांची सामायिक, तिची देखभाल धाकट्याच्या हातची. बोलल्यावाचून चालतंय थोडंच? मग ताई आली मधे. 'त्याला म्हणावं' असं म्हणून एक बोलणार, 'काय म्हणाला?' म्हणून दुसरा विचारणार, आणि ताई या दारातून त्या दारात जाता जाता निरोपातले काटे काढून टाकणार.

आता गंमत अशी, की तिघांनाही हे पक्कं ठाऊक होतं. ताई निम्मं गाळते म्हणून धाकटा मुळातच दुप्पट बोलायचा. आणि ताई निम्मं गाळते म्हणून दादा जे ऐकेल त्याच्या दुप्पट मनाला लावून घ्यायचा. असा तो संसार अकरा वर्षं बिनबोभाट चालला होता. ताईला त्याचा अभिमानही होता, खोटं कशाला सांगा.

गाडीची फेरी दादाच्या डोक्यातून निघाली. मुलांच्या दवाखान्यात हृदयाच्या ऑपरेशनचं यंत्र नव्हतं. बापाची साठ वर्षांची गाडी घेऊन अख्ख्या किनाऱ्याला वळसा घालायचा, गावोगाव थांबायचं, लोकांनी देणगीचे डबे भरायचे. एका जहाज कंपनीने उरलेली सगळी रक्कम घालायचं कबूल केलं, फक्त एक अट घातली: गाडीने फेरी स्वतःच्या चाकांवर पुरी करायची. ओढून नाही, ट्रकवर चढवून नाही. दादाने अट डोळे मिटून मान्य केली. तो हे कुणासाठी करतोय ते ताईला कळत होतं, धाकट्यालाही कळलं असणार, कारण त्याने काही न बोलता आपली व्हॅन हत्यारांनी भरली आणि मागे लावली.

असे निघाले तिघं. पुढे दादा आणि ताई त्या बदामी रंगाच्या गाडीत, मागे व्हॅनमध्ये धाकटा. प्रत्येक थांब्यावर धाकटा खाली उतरायचा, गाडीच्या चारी चाकांना उलट्या हाताने शिवायचा आणि ताईपाशी येऊन भविष्य सांगायचा. पहिल्या दिवशी म्हणाला, आज रेडिएटर फुटणार. फुटला नाही. दुसऱ्या दिवशी क्लच जळणार होता, तोही जळला नाही. तिसऱ्या दिवशी तर गाडी पेटणार होती. ताई दादाला सांगायची, तो म्हणतोय जरा जपून, आणि दादा गुरकावायचा की उभा जन्म मी बंदरावर क्रेन चालवली, वीस वीस टनांचा माल माणसांच्या डोक्यांवरून नेला, आणि हा मला जपायला शिकवतो. ताई मनात हसायची.

पाचव्या दिवशी एक बारीकशी गोष्ट घडली. पहाटे दादाने बॉनेट उघडलं तर ब्रेकचं तेल बोटभर कमी दिसलं. व्हॅनमध्ये तेलाचे डबे होते. कुठल्या डब्यातलं घालायचं, एवढा साधा प्रश्न धाकट्याला विचारायचा होता, आणि धाकटा दहा पावलांवर दात घासत होता. पण ताई अजून झोपली होती. तिला कशाला उठवा, म्हणून दादाने आपल्या अंदाजाने एक डबा उचलला, ओतलं आणि झाकण लावलं.

सहाव्या संध्याकाळी शेवटचा मुक्काम पडला. उद्या घाट उतरला की खाली समुद्र, समुद्राला लागून दवाखाना, आणि दवाखान्याच्या फाटकात मुलं उभी राहणार होती. धाकट्याने नेहमीसारखा पुढच्या चाकाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. गाडी येऊन तासभर झाला होता. त्याने बॉनेट उघडलं, ब्रेकच्या तेलाचं झाकण काढलं. झाकणातलं रबर फुगून लोंबत होतं. त्याने बोट बुडवून वास घेतला.

मग तो ताईला बाजूला घेऊन गेला. या खेपेस आवाज चढला नव्हता, आणि तिथेच ताईने ओळखायला हवं होतं. पण तिनेही ऐकायची जुनीच सवय लावून घेतली होती.

"त्याला म्हणावं, स्टिअरिंगचं तेल ओतलंयस तू ब्रेकमध्ये," धाकटा म्हणाला. "आतली सगळी रबरं फुगलीत. ब्रेक आता धरतात ते सोडत नाहीत. घाटात तापतील आणि अर्ध्यात पॅडल तळाला जाईल. गाडी माथ्यापलीकडे न्यायची नाही. मी पहाटे पुढे जाऊन ट्रक बघतो. आणि त्याला हेही म्हणावं, वहिनीला सकाळी बघू सकाळी बघू म्हणत घालवलीस, आता ताईला घेऊन जा."

ताई दादाच्या खोलीकडे निघाली. जिना चढेपर्यंत तिने वहिनीचं वाक्य काढून टाकलं, ते तर सांगण्यासारखंच नव्हतं. वरच्या वळणावर तिच्या मनात ट्रक आला. ट्रक म्हणजे अट मोडली, अट मोडली की यंत्र गेलं, आणि यंत्र गेलं की दादाचं काय होईल ते तिला बघवलं नसतं. आणि रेडिएटर कुठे फुटला होता? गाडी कुठे पेटली होती? दारावर टकटक करताना तिच्या हातात एवढंच उरलं होतं.

"तो म्हणतोय चाकं तापतात," ती म्हणाली. "उद्या घाटमाथ्यावर जरा थांबा."

माथ्यावर धाकटा असेलच, तिथे पोचलो की बघू, असं तिने स्वतःला समजावलं. दादा बिछान्यावर उद्याचा शर्ट पसरून बसला होता. त्याने मान वर केली नाही. मला उतार झेपणार नाही असं म्हणाला असेल, एवढंच बोलला आणि बटणं तपासू लागला. 

सकाळ स्वच्छ होती. गाडी चढाला लागली तेव्हाच तिच्यात जोर नव्हता, कुणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी चालत होती. तापलेल्या लोखंडाचा वास आत येत होता. ताईने काच खाली केली, मग वर केली, मग पुन्हा खाली केली. दादा दाढी करून, नवा शर्ट घालून बसला होता आणि त्या वासाबद्दल एक शब्द बोलत नव्हता. म्हणजे त्यालाही येत होता.

माथा आला. डाव्या हाताला मोकळी जागा, तिथे व्हॅन, व्हॅनशेजारी ट्रक आणि त्याची फळी खाली सोडलेली. धाकटा रस्त्याच्या मधोमध येऊन दोन्ही हात वर करून उभा होता. दादाने ट्रक पाहिला, फळी पाहिली आणि त्याचा जबडा आवळला. गेले सहा दिवस जो काही अपमान त्याने दुप्पट करून ऐकला होता, तो सगळा त्या फळीत दिसला असणार.

"थांब, दादा," ताई म्हणाली.

तो थांबला नाही. धाकट्याला बाजूला उडी मारावी लागली. गाडी माथ्यावरून पलीकडे कलली आणि एकदम हलकी झाली.

पहिली दोन वळणं ठीक गेली. ताईने जीव मुठीत धरून बोलायला सुरुवात केली, की दादा, त्याने सांगितलं होतं ते मी सगळं नाही सांगितलं. तेल चुकलंय. रबरं फुगलीत. पॅडल जाईल म्हणाला. दादा म्हणाला आता का सांगतेस, आणि पुढच्या वळणाला त्याने ब्रेक दाबला तर पॅडल लोण्यात शिरल्यासारखं तळाला गेलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तळाला. त्याने गिअर खाली ओढायचा प्रयत्न केला, तर आतून दात करकरले आणि गिअर काही पडेना. हँडब्रेक ओढला, त्याने वेग थोडा अडला, गाडी थांबायचं नाव घेईना. उजवीकडे कडा होता, डावीकडे गुडघाभर उंचीचा कठडा, आणि कठड्यापलीकडे नुसतं निळं पाणी. ताईची पाचावर धारण बसली. दादा मात्र ओरडला नाही. तो फक्त म्हणाला, "तू उडी मारू नकोस," आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.

मागून हॉर्न आला. धाकट्याची व्हॅन आंधळ्या वळणावरच बाजूला आली, पुढे गेली, आणि बरोबर त्यांच्या समोर येऊन हळू होऊ लागली. दादाला कळलं. क्रेनवर उभा जन्म काढलेल्या माणसाला ते सांगावं लागलं नाही. त्याने गाडीचं तोंड व्हॅनच्या पाठीला नेऊन टेकवलं. पत्रा चिरडला, दिवा फुटला, व्हॅनची चाकं किंचाळली, आणि दोन्ही गाड्या तशाच एकमेकींना चिकटून पन्नास-साठ पावलं घसरत गेल्या. पुढच्या वळणाच्या अलीकडे थांबल्या.

 मग धाकटा उतरला आणि ताईच्या खिडकीपाशी आला. दादाकडे त्याने पाहिलं नाही. त्याच्या कपाळातून रक्त येत होतं.

"तू याला सांगितलं होतंस का?" त्याने विचारलं.

ताईचं तोंड उघडलं. पण उत्तर दुसऱ्या बाजूने आलं.

"सांगितलं होतं तिने," दादा समोरच्या काचेकडे बघत म्हणाला. "शब्द न् शब्द."

धाकट्याने मान हलवली. तो थकल्यासारखा दिसत होता. "मग याला म्हणावं," तो ताईला म्हणाला, "आजपासून मला भाऊ नाही." आणि वळून व्हॅनकडे चालू लागला.

ताईला वाटलं, आपण उगाच वाचलो. दादाने तसं का केलं, हे तिने रडत रडत विचारलं. दादाचे हात अजून स्टिअरिंगवरच होते.

"तू गप्प राहा," तो म्हणाला. "तो तुझ्याशी बोलायचा बंद झाला, तर मला त्याचं काहीच कळणार नाही. माझ्यावर रागावला तरी तुझ्याशी बोलेल."

ताईने आयुष्यात पुष्कळ ऐकून घेतलं होतं, पण हे तिला सोसवेना. तिने दार उघडलं.  व्हॅनपाशी जाऊन तिने धाकट्याची बाही धरली आणि सांगितलं, की मी त्याला काल सांगितलंच नाही. तेलाचं नाही, रबराचं नाही, ट्रकचं नाही. घाटमाथ्यावर जरा थांबा, एवढंच सांगितलं. वहिनीचं वाक्य जिन्यातच टाकलं. दादा आत्ता खोटं बोलला, आणि का बोलला तेही तिने सांगितलं, दादाच्याच शब्दांत, एकही न गाळता. धाकट्याचा चेहरा सांगता सांगता बदलत गेला, पण ती थांबली नाही. तू आता माझ्याशी बोलू नकोस, ती म्हणाली, मला चालेल.

लोखंड कण्हल्यासारखा आवाज झाला. दोन्ही गाड्या मिळून चार बोटं खाली सरकल्या आणि पुन्हा थांबल्या. व्हॅनच्या ब्रेकमधूनही आता धूर येत होता. चाकांना दगड लावायला हवे होते, ताबडतोब, आणि ते लावेपर्यंत गाडीचा हँडब्रेक कुणीतरी सर्व बळाने ओढून धरायला हवा होता.

"त्याला म्हणावं," धाकटा बोलू लागला.

"मी नाही म्हणणार," ताई म्हणाली. "तो तिथे बसलाय."

 धाकट्याने कठड्यापाशी जाऊन एक मोठा दगड उचलला, पोटाशी धरला आणि गाडीकडे तोंड केलं. 

"दादा," तो म्हणाला, "हँडब्रेक धरून ठेव. मी चाकाखाली जातोय."

"धरलाय," आतून दादा म्हणाला. "जा तू."