एका हातचं अक्षर

"पाय मोजा मॅडम," लेबलकाका म्हणाले.

नव्या मॅडमनी बाटली उजेडात धरली. स्पिरिटमध्ये तीन मुंग्या दिसत होत्या. त्यांनी भिंगातून पाहिलं आणि चकित झाल्या. मुंगी एकच होती. उरलेले दोघे कोळी, एक उड्या मारणारा, दुसरा खेकडा कोळी.

"जिवंतपणी पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून चालायचे, लबाड. मुंग्यासुद्धा फसायच्या."

"कुणाच्या लक्षात आलं हे?"

संग्रहालयातल्या बाटल्यांवर लेबलं लिहिण्यात काकांची तीस वर्षं गेली होती. आज शेवटचा दिवस. मॅडम या कोळ्यांवर लेख लिहिणार होत्या. त्यात आपलं नाव एका ओळीत यावं, एवढीच त्यांना आस होती.

"माझ्या. मागच्या कुंपणावर सापडले."

निवृत्तीनंतरही रोज येणारे मोठे सर तेवढ्यात डोकावले. त्यांनी लेबल वाचलं. 'मुंगी नव्हे. पाय आठ.'

"अरे, हे माझं. विसरूनच गेलो होतो."

"सर, ते मी..."

"अक्षर बघ की. माझंच आहे."

सर खोटं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. काका नोकरीला लागले तेव्हा सरांनीच बजावलं होतं, "सगळ्या बाटल्या एका हातच्या वाटल्या पाहिजेत. माझं अक्षर गिरव." काकांनी वर्षभर गिरवलं. पुढे किराण्याची यादीही तशीच उतरू लागली. "साहेबांनी पाठवलंय का मला बाजारात?" असं बायकोनं विचारलं, तेव्हा दोघंही पोट धरून हसले होते.

मॅडमनी लेबलाकडे पाहिलं आणि वहीत सरांचं नाव लिहिलं. काकांनी संताप गिळला. सोंगानं कोळ्याचा निदान जीव तरी वाचतो. आपलं काय वाचलं?

दुपारी ऑफिसात निवृत्तीच्या कागदावर त्यांनी सही केली. कारकुनानं जुनी फाईल काढून ताडून पाहिलं.

"काका, जुळत नाही. ही सरांच्या वळणाची झाली. तुमची करा."

काकांनी दोनदा करून पाहिली. फाईलमधली सही त्यांना भलत्याच कुणाची वाटली.

"राहू द्या," कारकून समजुतीनं म्हणाला आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. "अंगठा चालतो."

काकांनी अंगठा दाबला. शेजारी कारकुनानं आपल्या अक्षरात काकांचं नाव लिहिलं, त्याखाली 'निशाणी डावा अंगठा' लिहिलं आणि फाईल मिटली.