आयांची शर्यत

रंगारीण शिडीच्या मधल्याच पायरीवर थांबली आणि ब्रश हातात धरून वर बघत राहिली. खाली रंग कालवणाऱ्या नवऱ्याने मान वर केली.

"काय गं, छत खाली यायची वाट बघतेस का?"

"दम खाते जरा. तू तुझं काम कर."

हे दम खाणं हल्ली वाढलं होतं. जिना चढताना छातीत भाता चालायचा, संध्याकाळी पाय चपलेत मावायचे नाहीत. पण ती कुणाला काही बोलली नव्हती. कित्येक वर्षं दवाखान्यांचे उंबरे झिजवून, पोटात इंजेक्शनं टोचून घेऊन तिला लेक झाली होती. गरोदरपणात बीपी चढलं, बाळंतपण जिवावर बेतलं, तरी तिने हूं की चूं केलं नव्हतं. एवढं हट्टाने मागून घेतलेलं सुख पदरात पडल्यावर आता कुरकूर कुठल्या तोंडाने करायची?

सुजलेले पाय सासूबाईंच्या नजरेतून मात्र सुटले नाहीत.

"कधीपासून आहे हे?"

"कामाचा शीण आहे, आई. बाकी काही नाही."

"तू लेक मागितली होतीस, ती मिळाली. हे पाय कुणी मागितले होते?"

तिला हसू आलं आणि हसता हसताच रडू फुटलं. सासूबाईंनी तिला रडू दिलं. मग म्हणाल्या, "चल, चप्पल घाल."

हृदयाच्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या, बाळंतपणाचंही खोदून खोदून विचारलं.

"बीपी खूप आहे. हृदय थकलंय, पण वेळेवर आलात. गोळ्यांनी सावरेल."

"मुलीसाठी उपचार घेतले, त्यामुळे झालं का हे?" तिने दबक्या आवाजात विचारलं. उद्या लेकीच्या कानावर असलं काही पडू नये, एवढंच तिच्या मनात होतं.

"सगळं खापर उपचारांवर नाही फोडता येणार. तेव्हा बीपी चढलं होतं, तेव्हापासूनच लक्ष ठेवायला हवं होतं. पण बाळ आलं की सगळे बाळाकडे बघतात. आईचं हृदय बघायचं राहूनच जातं."

"आता मी आहे बघायला," सासूबाई म्हणाल्या.

आणि त्यांनी खरंच पाठ सोडली नाही. गोळ्या वेळेवर, मीठ बेताचं, रोज दोघींचा फेरफटका. हळूहळू सूज उतरली, दम टिकू लागला. भिंती रंगवताना तिच्या गुणगुणण्याला नवरा पुन्हा नावं ठेवू लागला.

लेकीच्या शाळेच्या मैदानावर आयांची शर्यत होती. तिने नाव दिलं.

"डॉक्टरांनी धावायला अजून बंदी केलीय ना?" नवरा म्हणाला.

"मग चालेन की."

शिट्टी वाजली. बाकीच्या आया पदर, ओढण्या सावरत सुसाट सुटल्या. ही आपली रमतगमत निघाली, ओळखीच्यांना हात करत. अर्ध्या वाटेवर लेक धावत आली आणि तिचा हात धरून ऐटीत चालू लागली.

शर्यत केव्हाच संपली होती. शेवटच्या रेषेवरची दोरी गुंडाळत असलेल्या बाईंनी दोघींना येताना पाहिलं. त्यांनी गुंडाळी सोडली, दुसरं टोक शेजारी उभ्या असलेल्या बाईंच्या हातात दिलं आणि दोरी पुन्हा ताणून धरली.