एका आड एक रविवार

घड्याळजी आणि त्याची बायको यांचं बिनसलं आहे, याबद्दल चर्चच्या कमिटीत आता कुणालाच शंका उरली नव्हती. एका रविवारी उपासनेला तो येई, पुढच्या रविवारी ती. चार वर्षांत दोघांना एका बाकावर बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

"एकमेकांचं तोंड बघत नाहीत म्हणे," खजिनदार म्हणाले. "संसार मोडण्याआधी कुणीतरी मध्ये पडायला हवं."

मध्ये पडण्याचं काम सेक्रेटरीकाकांकडे आलं. काका निवृत्त कारकून, शिस्तीचे पक्के. दर रविवारी चर्चच्या दारात उभं राहून कुणी कुठे बसायचं ते तेच ठरवत. सोबतीला पाळकांची पत्नी निघाली. मंडळीत तिला सगळे बाई म्हणत.

शनिवारी दुपारी दोघं घड्याळजीच्या घरी पोचली. एका खोलीचं घर. खिडकीपाशी बायकोचं शिवणयंत्र आणि खाली जमिनीवर अकरा वर्षांची मुलगी, शर्टाची बटणं आकाराप्रमाणे रांगेत लावत एकच सूर गुणगुणणारी. घरी तिला ठमी म्हणत. घड्याळजीने चहा ठेवला. जाता जाता बायकोच्या केसांत अडकलेला दोरा त्याने सहज काढून टाकला. काका बुचकळ्यात पडले. पण तयार करून आणलेलं भाषण वाया कसं घालवणार?

"नवराबायकोत कुरबुरी होतातच," त्यांनी घसा खाकरला. "पण निदान देवासमोर तरी दोघांनी एकत्र..."

नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं आणि दोघंही खळखळून हसली.

"आमचं भांडण? अहो काका, भांडायला तरी निवांत वेळ कुठे मिळतोय!" बायको म्हणाली. "ठमीपाशी कुणीतरी लागतं. म्हणून एकजण थांबतो, एकजण येतो."

"मग तिलाही आणा की!"

बायकोचं हसू मावळलं.

"आणली होती, चार वर्षांपूर्वी. तिला ऑटिझम आहे, काका. मोठा आवाज अचानक आला, तर तो तिच्या अंगावर कोसळतो. ऑर्गन वाजला आणि ती किंचाळली. तुम्ही लगबगीने आलात आणि अगदी गोड आवाजात म्हणालात, 'हिला बाहेर घेऊन जा, शांत झाली की या.' ती काही शांत झाली नाही. मग आम्ही तिघं पुन्हा कधी एकत्र आलोच नाही."

काकांना तो प्रसंग आठवेना. त्यांनी खूप प्रयत्न केला, तरी आठवेना.

जिना उतरताना ते पुटपुटले, "मी काही वाईट हेतूने बोललो नव्हतो. इतक्या लोकांची प्रार्थना मोडत होती. शिस्त नको का?"

बाई मधल्या पायरीवर थांबल्या. "काका, उपदेश चालू असताना तुम्ही घोरता. तिसऱ्या बाकापर्यंत ऐकू येतं. तुम्हाला कधी कुणी बाहेर नेऊन बसवलं?"

"मी... वय झालं माझं!"

"बरोबर. तुमचं वय आम्ही समजून घेतो. मग तिची तऱ्हा का नाही? आणि खरं सांगू? मीही त्या दिवशी तिथेच होते. त्यांच्यामागे बाहेर गेले नाही. चार वर्षांत विचारायलाही गेले नाही. आपण त्यांना घराबाहेर काढल्यासारखं काढलं आणि आज त्यांचा संसार सांधायला आलोय!"

काका कठडा धरून वळले आणि तो सगळा जिना पुन्हा चढून गेले!

"माझं चुकलं," दारातच ते म्हणाले. खिशातून त्यांनी डायरी काढली. "ठमीला काय काय लागतं, ते सांगा. मी लिहून घेतो."

आई सांगत गेली. ऑर्गनची सुरुवात हलक्या सुरात व्हावी. बसायला बाजूच्या दाराजवळची जागा हवी. तिला उठून फिरावंसं वाटलं तर फिरू द्यावं, हात धरून ओढू नये. लोकांनी माना वळवून बघू नये. शेवटी ती थोडी अडखळली. "आणि आमच्याशिवाय आणखी एक माणूस हवा, तिच्या ओळखीचा. म्हणजे आम्हा दोघांनाही बसता येईल."

कमिटीत खजिनदारांनी कपाळाला आठ्या घातल्या. "एका मुलीसाठी एवढा खटाटोप?"

"एकच आहे हे कशावरून?" काका म्हणाले. "बाकीची घरात बसली असतील. आपण कधी दार वाजवलंय? जागा आणि ऑर्गनचं तुम्ही बघा. तो ओळखीचा माणूस मी होईन."

पुढचा महिनाभर रोज दुपारी ठमी आईबरोबर रिकाम्या चर्चमध्ये येत राहिली. पहिल्या आठवड्यात तिने काकांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. दुसऱ्या आठवड्यात त्यांची डायरी पळवली. चौथ्या आठवड्यात ऑर्गन हळू वाजत असताना ती दाराशी उभी राहून ऐकू लागली.

मग तो रविवार उजाडला. पहिलं गीत नीट पार पडलं. प्रार्थना सुरू होताच मात्र कुणाच्या तरी हातून पुस्तक धाडकन पडलं आणि ठमी किंचाळली. तिला बाहेर न्यायला घड्याळजी तिची पिशवी उचलून उभा राहिला.

"बसा," काका म्हणाले. "मी आहे."

ठमी उठून बाजूच्या वाटेने येरझारा घालू लागली. दोन पावलं मागे काका. पाळकांनी प्रार्थना आवरती घेतली नाही. दोन-चार माना वळल्या आणि बाईंची नजर पडताच सरळ झाल्या. पुढचं गीत सुरू झालं. घड्याळजीला ती नवी चाल येत नव्हती. बायको ओळीखाली बोट फिरवत त्याला सांगत राहिली. दोघांच्या हातांत मिळून एकच पुस्तक होतं.

उपासना संपल्यावर कोपऱ्यातली एक आजी काकांपाशी आली. कित्येक वर्षं ती एकटीच येत असे. "माझा नातू चालत नाही, बोलतही नाही," ती दबक्या आवाजात म्हणाली. "त्याला आणलं तर चालेल का हो?"

"चालेल का, असं विचारू नका. आणाच!" काकांनी डायरी उघडली. "त्याला काय लागतं, तेवढं आधी सांगा."

वाचकहो, देवाच्या घराचं दार उघडं ठेवलं म्हणजे आपलं कर्तव्य संपत नाही. जी मुलं त्या दारापर्यंत पोचलीच नाहीत, त्यांच्या घरी जाऊन त्यांची गरज विचारणं आणि मग आपल्या सवयी बदलणं, हेच खरं स्वागत! मुलं शांत होण्याची वाट पाहत बसू नका. ती आहेत तशी येऊ द्या, आणि त्यांच्याबरोबर चार पावलं चाला.