नऊ लड्यांचे वजन

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. समोर जेवणाच्या ताटाएवढी गोल तबकडी, तिच्यावर दहा-दहा ग्रॅमच्या बारीक रेषा, एक लांब काळी सुई आणि डोक्यावर होडीसारखे खोलगट पारडे, असे माझे रूप. अंगावरचा पांढरा मुलामा दोन-तीन ठिकाणी उडाला आहे. वयाच्या मानाने ते काही फार नाही. मी आजवर पुष्कळ काही तोलले. पण आज सांगणार आहे ते एका मुलीविषयी.

मी जिथे तयार झालो त्या कारखान्याचे मला थोडेच आठवते. तेलाचा वास, उंच खिडक्या आणि शेवटच्या टेबलावर बसलेले जाड चष्म्याचे तपासनीस. त्यांनी माझ्या पारड्यात एकामागून एक पितळी वजने ठेवली, सुई थांबेपर्यंत वाट पाहिली आणि शेजारच्याला म्हणाले, "पाच किलोच्या वर याला झेपायचं नाही. पण पाचाच्या आत हा थापा मारणार नाही." एवढीच माझी पदवी.

तिथून मी एका लोकरीच्या दुकानात आलो. दुकानाच्या मालकीणबाईंना पुढे एक भाची झाली आणि त्या सगळ्यांच्याच आत्या होऊन बसल्या, म्हणून मीही त्यांना आत्याच म्हणतो. आत्यांच्या दुकानात भिंतभर कप्पे होते आणि कप्प्यांत लोकरीच्या लड्या. एक लडी म्हणजे शंभर ग्रॅम. लोकर पारड्यात पडते तेव्हा आवाज होत नाही. दुपारी काचेतून ऊन आत यायचे, हवेत लोकरीचे तंतू तरंगायचे, आणि मला वाटायचे की मी ढगच तोलतो आहे. "हिच्या काट्यावर लोकर घेतली की बाही कधी तोकडी पडत नाही," असे गिऱ्हाइके म्हणायची. मी मनातल्या मनात फुलून जायचो. वर्षे कशी गेली ते कळलेही नाही.

मग एक दिवस हिरवे आकडे चमकवणारा नवा काटा आला आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली. आत्यांनी माझ्या पारड्यात सुटी बटणे टाकायला सुरुवात केली. बटणांचे वजन रोज तेच. सुई एका जागी अवघडून गेली. मी अर्धवट झोपेत असल्यासारखा पडून राहायचो. बाहेर कोण आले, कोण गेले, ऋतू कुठला, काही समजायचे नाही.

अशा एका दुपारी मागच्या खोलीतला फोन वाजला. आत्या जेवत होत्या. फोन त्यांच्या धाकट्या भावाचा होता. तो बस चालवायचा, आणि त्याची बायको जमीन मोजणीच्या कचेरीत नकाशे काढायची.

"ताई, मुलगी झाली," तो म्हणाला. त्याचा आवाज एवढा मोठा होता की मलासुद्धा ऐकू आला. "तीन महिने आधीच. नऊशे ग्रॅम."

"नऊशे म्हणजे रे किती?"

"नऊशे म्हणजे नऊशे, ताई. मला तरी कुठे कळतंय! मला लांबूनच दाखवली."

आत्यांनी फोन ठेवला. ताट तसेच राहिले. त्या उठल्या, माझे पारडे उलटे केले आणि बटणे जमिनीवर सगळीकडे घरंगळली. ती त्यांनी उचलली नाहीत. दुकानातून फिक्या पिवळ्या रंगाच्या लड्या आणून त्या एकेक माझ्यावर ठेवत गेल्या. नऊ झाल्या. माझी सुई नऊशेवर येऊन थांबली. मग आत्यांनी त्या नऊही लड्या दोन्ही हातांत घेतल्या, छातीशी धरल्या आणि नुसत्या उभ्या राहिल्या.

"एवढीशी," त्या म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या मुलीचे नाव लडी पडले. कागदावर दुसरे काही असेल, मला माहीत नाही.

लडी रुग्णालयात काचेच्या पेटीत होती. तिची फुप्फुसे अजून पुरती उमललेली नव्हती. दर रविवारी आत्या मागच्या खोलीत यायच्या आणि भावाने सांगितलेल्या आकड्याइतकी लोकर माझ्यावर ठेवायच्या. अकरा लड्या. साडेबारा. चौदा. एका रविवारी त्यांनी एक लडी काढून घेतली. बाळाला कसलासा संसर्ग झाला होता, त्याचे वजन उतरले होते. काढलेली लडी आत्या कितीतरी वेळ हातातच धरून बसल्या. मी त्या मुलीला अजून पाहिलेही नव्हते, पण त्या आठवड्यात मला पारडे फार रिकामे वाटले.

एकशे अकरा दिवसांनी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. तोवर ती एकतीस लड्यांची झाली होती. पण ती नुसती घरी येणार नव्हती. नाकाशी प्राणवायूची नळी, पोटापर्यंत दुधाची बारीक नळी, सहा औषधे, आणि रोज सकाळी वजन. रुग्णालयाचे उसने द्यायचे काटे सगळे दुसऱ्या घरी गेलेले होते. "काट्याचं माझ्याकडे लागलं," आत्या म्हणाल्या, आणि मला उकळलेल्या पाण्याच्या फडक्याने असे खसाखसा पुसले की जुना मुलामा आणखी थोडा निघाला. मग त्यांनी मला भावाच्या घरी नेले.

घरी येऊन बाळ तपासणाऱ्या सिस्टर माझ्याकडे पाहून काही खूश झाल्या नाहीत. "हा लोकरीचा काटा?" त्यांनी पिशवीतून वजने काढली आणि एकेक करून माझ्यावर ठेवली. सुई दर वेळी नेमक्या रेषेवर थांबली. सिस्टरांच्या भुवया वर गेल्या. "म्हातारा पक्का आहे हो! दुसरा येईपर्यंत खुशाल वापरा. फक्त जागा हलवू नका."

मला खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले. त्याच दिवशी दुपारी लडी आली.

तिचे बाबा गाडीतून उतरले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. "चाळीस माणसं घेऊन घाट उतरतो मी," ते म्हणाले, "पण आजच्याइतकी हळू गाडी कधी चालवली नव्हती. मागून सायकलवाले पुढे जात होते!" मुलीला घेऊन आई दाराच्या आत आली आणि तिथेच थबकली. रुग्णालयात भिंतभर यंत्रे होती. काही बिनसले की ती वाजायची, कोणीतरी धावत यायचे. इथे कोपऱ्यात प्राणवायूचे एकच यंत्र मांजरासारखे गुरगुरत होते.

"इथे धावत कोण येणार?" आईने विचारले.

"आपण," बाबा म्हणाले. पण त्यांचाही चेहरा उतरलेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दूध द्यायच्या आधी, लडीला पहिल्यांदा माझ्यावर ठेवले. आईने पारड्यात मऊ फडके घातले, त्याचे वजन लिहून घेतले. "नळी उचलून धर. तिचा भार येतो," ती म्हणाली. बाबांनी दोन बोटांत नळी धरली. आणि मग मित्रांनो, ती माझ्या पारड्यात आली. उबदार. लोकर कधी अशी उबदार नसते. आणि लोकर पारड्यात पडली की पडून राहते, ही मात्र हलत होती. तिच्या प्रत्येक श्वासाबरोबर माझी सुई केसभर वर जायची, केसभर खाली यायची. खिडकीतले ऊन तिच्या पायांवर होते. मला वाटले, इतकी वर्षे मी झोपलो होतो ते हे स्वप्न पडावे म्हणूनच.

आई नकाशे काढणारी. तिने चौकटीचा मोठा कागद भिंतीला लावला आणि रोजच्या वजनाचा ठिपका त्यावर मांडू लागली. वीस ग्रॅम वाढले. तीस वाढले. एके दिवशी दहाच. एके दिवशी काहीच नाही, तेव्हा आईने माझ्याकडे असे पाहिले की मला मान असती तर मी ती खाली घातली असती. ठिपके जोडून होणारी रेघ एखाद्या टेकडीवरच्या पायवाटेसारखी हळूहळू चढत होती. सगळे घर त्या पायवाटेने चालत होते. जेवणे तिच्यावर, झोपा तिच्यावर, भांडणेही तिच्यावरच.

दोन आठवडे गेले. आणि एका सकाळी मी नव्वद ग्रॅम जास्त दाखवले.

"नव्वद!" बाबा ओरडले. त्यांनी बसच्या आगारात फोन केला, शेजारी सांगितले, आत्यांना सांगितले. आत्या दुकानाला कुलूप लावून धावत आल्या. "एका दिवसात लडी भरली की गं माझी लडी!" त्यांनी माझ्या तबकडीवर प्रेमाने थाप मारली. कितीतरी वर्षांनी माझे असे कौतुक होत होते. पण मला ते गोड लागेना. माझ्या सुईचे ते केसभर वर-खाली होणे त्या दिवशी फार घाईचे झाले होते. ती भरभर श्वास घेत होती. मला ते कळत होते, आणि सांगायला माझ्याकडे आकड्याखेरीज काही नव्हते.

दुसऱ्या सकाळी मी आणखी एकशे दहा ग्रॅम दाखवले.

आज कोणी ओरडले नाही. आईने ठिपका मांडला, मागे सरकली आणि कागदाकडे पाहत राहिली. पायवाट एकदम भिंतीसारखी उभी राहिली होती.

"असा चढ नसतो," ती म्हणाली.

"काटाच गेला असेल," बाबा म्हणाले. "जुना माल. स्प्रिंग बसली असेल. परवा सिस्टर येणारच आहेत, तोवर वजनच नको. उगाच जिवाला घोर."

आत्याही पुटपुटल्या, "वय झालंय खरं त्याचं. काल मी थापही जोरातच मारली."

मला बाजूला ठेवले असते तरी मी काय करणार होतो? पण आई स्वयंपाकघरात गेली आणि एक किलो साखरेची न फोडलेली पिशवी घेऊन आली. ती तिने माझ्यावर ठेवली. माझी सुई निघाली, डुलली, आणि एक किलोवर थांबली. एक रेघ इकडे नाही, एक रेघ तिकडे नाही.

"काटा बरोबर आहे," आई हळूच म्हणाली. "मग हिच्यात काय वाढलंय?"

तिने लडीला उजेडात घेतले. पापण्या सुजल्या होत्या. पायमोजा काढला तर त्याची किनार पायावर खोल उमटलेली. बरगड्यांच्या मधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. बाबांनी फोन लावून आईच्या हातात दिला. पलीकडून सिस्टरांनी विचारले, "बाळाची आई, दूध वाढवलं होतं का?"

"नाही."

"मग ती वाढलेली नाही. अंगात पाणी साठतंय. फुप्फुसांवर भार येतोय तिच्या. गाडी पाठवते. सामान बांधत बसू नका, फक्त औषधं आणि तो तुमचा कागद घ्या."

पंधरा मिनिटांत घर रिकामे झाले. कोपऱ्यातले यंत्र बंद झाले आणि अशी शांतता पसरली की मला माझ्या स्प्रिंगचाही आवाज ऐकू येईल असे वाटले. भिंतीवर कागद लावला होता तिथे चार टाचण्या राहिल्या होत्या. दिवस उगवायचे, खिडकीतले ऊन माझ्या रिकाम्या पारड्यावरून सरकत जायचे. तिसऱ्या दिवशी आत्या कपडे न्यायला आल्या. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस थांबला असता तर कठीण होतं," त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या. घरात दुसरे कोणी नव्हते, म्हणजे त्या माझ्याशीच बोलत होत्या. "आणि आम्ही तुलाच नावं ठेवत होतो." मग त्यांनी डोळे पुसले, आणि त्याच पदराने माझी काचही पुसली.

सहाव्या दिवशी लडी परत आली. औषध बदलले होते, दुधाचे मापही नवे बांधून दिले होते. आईने तिला माझ्यावर ठेवले, बाबांनी नळी उचलून धरली. माझी सुई मागच्या ठिपक्यापेक्षा एकशे साठ ग्रॅम खाली थांबली.

"उतरलं!" बाबा म्हणाले, आणि हसायलाच लागले. मग आई हसली. वजन उतरले म्हणून त्या घरात लोक हसत होते, आणि पारड्यात लडी शांतपणे, संथ श्वास घेत, माझ्या सुईला झोके देत होती.

त्यानंतर पायवाट पुन्हा हळूहळू चढू लागली. दुधाची नळी निघाली. कोपऱ्यातले यंत्र आधी दिवसा थांबले, मग कायमचे गेले. एका सकाळी माझी सुई पाच किलोच्या रेषेला जाऊन टेकली, तिला पुढे जायला जागाच उरली नाही. लडीने पाय झाडला आणि माझ्या पारड्याच्या काठावर टाच आपटली. तिथला सैल झालेला मुलामा उडाला. तो टवका मी कोणालाही दुरुस्त करू देणार नाही.

पुढे सिस्टरांनी आईला विचारले, "बाळाची आई, तुमचा म्हातारा उसना देता का?" तेव्हापासून मी घरोघर जातो. प्रत्येक वेळी आई स्वतः मला पोचवायला येते. ती मला टेबलावर सपाट ठेवते, साखरेची पिशवी ठेवून दाखवते, आणि दारात थबकलेल्या त्या नव्या आईला आपल्या शेजारी बसवून घेते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कधी असे नाजूक माणूस येईल. तेव्हा माझ्यासारख्या मुक्या वस्तूंना जपा. आम्हाला आपटू नका, धूळ खात ठेवू नका. आणि आम्ही नको ते सांगितले तर आमच्यावर चिडण्याआधी एकदा त्या माणसाकडे उजेडात नीट पाहा.

आता मला थांबायला हवे. आज ज्या घरी आलो आहे तिथल्या बाबांनी पारड्यात फडके घातले आहे. ते त्याच्या सुरकुत्या पुन्हा पुन्हा नीट करत आहेत. बाळ अठराशे ग्रॅमचे आहे म्हणतात. या, ठेवा त्याला. मी तयार आहे.